तेहतीस पाइपांचं वाण

यंदा पुन्हा अधिक ज्येष्ठ आला. उज्जैनचा ज्येष्ठ म्हणजे आधीच तव्यावर बसून वारा मागायचे दिवस, आणि त्यात या वर्षी तो दोनदा! पंचांगवाल्यांचं काय जातंय? चंद्र-सूर्याचं जुळेना की घुसवला मधेच एक महिना, आणि निस्तरायचा कोणी, तर बायकांनी. सकाळी सातपासून फोन सुरू होतात. "काकू, बत्तासे चालतात नं?" "मावशी, ढोकळ्याला जाळीदार म्हणायचं की नाही?" अधिक महिन्यात जावयाला तेहतीस सच्छिद्र वस्तूंचं वाण द्यायचं, ही आपली रीत. खरा मान अनारशांचा, कारण तुपात पडले की त्यांना जाळी सुटते. पण तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, तो आंबूस वास घरभर सोसायचा, मग कुटा, चाळा, मुरवा. एवढी फुरसत आता आहे कोणाला? माधवनगरात मिठाईवाल्याकडे तेहतिसांचा डबा तयार मिळतो, वर लाल फीत बांधून. परवा शेजारच्या सुनेने विचारलं, "काकू, डोनट चालतील का? भोक एकच असतं, पण मोठं असतं."

"चालतील," मी म्हटलं. "आमच्या ह्यांना तर पाइप मिळाले होते."

"नळाचे?"

"नळाचे कशाला? ओढायचे. तंबाखूचे. तेहतीस!"

ती हसली. मला वाटतं, माझ्या वयाला हसली. मी दार लावून घेतलं. त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे हे मला मान्य आहे, पण हसायचा पहिला हक्क माझा. ती अक्कल माझीच होती.

नानाखेड्याच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत काचेचं कपाट आहे. लोकांच्या असल्या कपाटात बाहुल्या असतात, पोरांनी धावण्यात मिळवलेले कप असतात. आमच्या कपाटात पाइप आहेत. आठवड्यातून एकदा मी ते पुसते, आणि पुसताना ज्या बावीस वर्षांच्या बयेने त्यातले पहिले तेहतीस जमवले तिचा उद्धार करते. पाइप ही चीज घडवणाऱ्याने पुसणाऱ्याचा विचार म्हणून केलेला नाही. बूड गोल, मान लांब, तोंड कायम उघडं. ठेवला की कलंडतो, आणि कलंडताना शेजारच्या दोघांना घेऊन जातो. आत माळव्याची काळी धूळ जाऊन बसते, ती काढायला काडीला कापूस गुंडाळावा लागतो. एवढे पाइप साफ करणं म्हणजे सर्दी झालेल्या वर्गभर पोरांची नाकं पुसणं. आणि पोरं निदान मोठी तरी होतात.

त्या बयेचं सांगते. नुकतीच बी.ए. झालेली, नुकतंच लग्न झालेलं. माहेर माधवनगरात, सासर देवासगेटजवळ दोन खोल्यांचं, मधे रेल्वेचा पूल. मुलगी पुलापलीकडे दिली म्हणून आई वर्षभर उसासे टाकत होती, जसं काही मला रंगूनला धाडलंय. हे एका कॉलेजात केमिस्ट्रीचे डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणजे प्रयोगशाळेत मुलांच्या हातून परीक्षानळ्या फुटू नयेत यासाठी नेमलेला माणूस. दिसायला नीटस. स्वभावाने शांत. शांत म्हणजे किती, तर सकाळचा चहा, दुपारचा डबा आणि रात्रीची पोळी मिळून दिवसाचे दहा शब्द, त्यातले चार "हं". सासूबाई तेव्हा बडनगरला असत, त्यामुळे घरात तिसरं बोलणारंही कोणी नाही. आमच्या माहेरी सगळे एकाच वेळी बोलत. ऐकायचं काम भिंतींकडे होतं. तिथून उठून आलेली मी त्या शांततेत विहिरीत पडलेल्या घागरीसारखी एकटीच वाजत राहिले. मला वाटे, हा विद्वान माणूस आहे, याला माझ्यात बोलण्याजोगं काही दिसत नाही. साड्या नको होत्या, फिरायला जाणं नको होतं. या माणसाने माझ्याशी बोलावं, एवढंच हवं होतं. गोड नको, भांडला तरी चालेल.

आणि ह्यांच्याजवळ एक पाइप होता. तपकिरी लाकडी वाटी, तिची आखूड लाकडी मान आणि मानेत खोचलेली काळी नळी. संध्याकाळी खिडकीत बसून ते ती नळी ओठात धरत आणि खाली बसस्टँडवर "इंदौर, इंदौर, इंदौर" ओरडणाऱ्या कंडक्टरांकडे बघत. मी ठरवून टाकलं की ह्यांच्या मनाचा रस्ता या नळीतून जातो. आता बघा, घरात तंबाखूचा वास कधी आला नव्हता. काडेपेटी चुलीपासून कधी हलली नव्हती. राख कुठे सांडली नव्हती. हे त्या बयेला दिसलं नाही का? दिसलं. तिने त्याचं कारणसुद्धा शोधलं, की भारी तंबाखूला वास नसतो. बी.ए. होती नं!

लग्नानंतरचा तो पहिला अधिक, आणि तोही ज्येष्ठच. सिंहस्थ नुकता उरकला होता. तंबू उतरले होते, साधू गेले होते, रस्त्यांवर बांबू रोवल्याची भोकं तेवढी राहिली होती. वऱ्हाड निघून गेल्यावर मांडवात जी एक मरगळ येते, ती गावभर पसरलेली. उन्हाने पुलाचे कठडे असे तापलेले की हात टेकवत नसे. मी पूल ओलांडून माहेरी गेले तेव्हा आईने अनारशांसाठी तांदूळ भिजत घातलेले होते आणि ती त्यातलं पाणी बदलत होती.

"आई, अनारसे राहू दे. ह्यांना पाइप दे."

"कसले पाइप?"

"ओढायचे. त्यालाही भोक असतंच की. आरपार!"

आईने तांदळातून हात बाहेर काढला नाही. "बेबी, डोकं ठिकाणावर आहे नं तुझं? जावयाला विष्णू समजून वाण द्यायचं असतं. विष्णू काय पाइप ओढतो?"

"अनारसे तरी कधी खाताना पाहिलास तू त्याला?"

वर्तमानपत्रामागून बाबांचा आवाज आला, "सच्छिद्र आहे तर शास्त्राला हरकत नसावी." बाबांना शास्त्रातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण घरी अनारसे झाले की करपलेले, फसलेले, तुटलेले सगळे त्यांच्या पानात पडत, आणि त्यांना त्यातून सुटका हवी होती. आई म्हणाली, "तुम्ही बापलेक काय बवाल करायचा तो करा, पण तेहतीस म्हणजे तेहतीस. बत्तीस आणून माझ्या दारात उभी राहू नकोस."

तेहतीस पाइप उज्जैनमध्ये कुठून आणायचे? इथे कमंडलू मागा, रुद्राक्ष मागा, भस्म मागा, टोपलीभर मिळेल. बाबांना सुचलं, महूला इंग्रजांची छावणी होती, तिथल्या कबाड्यांकडे साहेबांचं सामान अजून निघतं. भर उन्हात आम्ही आधी इंदूरची बस धरली, मग महूची. तीन दुकानांत घोड्यांचे नाल आणि फुटकी झुंबरं पाहिली. चौथ्या दुकानात दाढीवाल्या म्हाताऱ्याने पलंगाखालून एक पोतं ओढलं. "ये लो बाईसाब, साब लोगन के मुँह की चीज. बरसों से पड़ी है, कोई पूछता नहीं." सव्वीस पाइप! आणि बुडाशी एक चोपडी, पुठ्ठा फाटलेली, कोणा विलायती दुकानाची असावी, पानोपानी पाइपांची चित्रं आणि प्रत्येकाखाली आकाराचं नाव. म्हाताऱ्याने ती वर फुकट दिली. परतताना बसमध्ये पोतं मांडीवर होतं आणि ती बया आनंदाने अशी फुललेली, की बाबांनी विचारलं, "बेबी, जावयाला खरंच आवडतात नं गं?" मी म्हटलं, "बाबा, वेड आहे त्यांना." हे वाक्य आठवलं की अजून मला माझ्या कानाखाली द्यावीशी वाटते.

चार पाइप ओळखीपाळखीतून आले. तीन कमी पडले. मग मी रामघाटावर गेले आणि सिंहस्थातून उरलेल्या मातीच्या तीन चिलमी घेतल्या. हिरव्या चुड्याची नवी नवरी उन्हात उभी राहून चिलमी निवडतेय, एकेक उजेडाकडे धरून आरपार बघतेय, हे आमच्या आळीतल्या कोणीतरी पाहिलंच. दुसऱ्या दिवशी वाड्यातली पाणी भरणारी बाई मला हळूच म्हणाली, "भाभी, साब को किसी बाबा की संगत लग गई क्या?"

मग अभ्यास. परीक्षेला इतका केला असता तर पहिला वर्ग मिळाला असता. दुपारी हे प्रयोगशाळेतलं सामान मोजायला गेले की मी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायची, पोतं फरशीवर ओतायची आणि चोपडी उघडायची. ओल्या वाळ्याचा थंड वास आणि त्यात त्या जुन्या पाइपांचा कडवट, धुरकट वास. तो उन्हाळा मला अजून नाकानेच आठवतो. आकार मी स्वयंपाकघरातून शिकले. ॲपल म्हणजे बेसनाचा लाडू, गोल गरगरीत. तोच लाडू कोणी वरून थापटून बुटका, रुंद तोंडाचा केला की पॉट. डब्लिन खाली निमुळता आणि वर पसरट, चहाचं कुल्हड जसं. चर्चवॉर्डनची नळी हातभर लांब. ती तर आपली चुलीची फुंकणीच, फक्त इंग्रजी शिकलेली. बुलडॉगच्या वाटीला कमरेशी दोन रेघा, त्याला कुत्र्याचं नाव का दिलं ते चोपडीतही लिहिलं नव्हतं. आणि बिलिअर्ड सगळ्यात साधा, सरळ, कारकुनासारखा. ह्यांचा होता तो बिलिअर्ड. हे कळलं त्या दिवशी मला नवऱ्याचं गुपित कळल्यासारखं झालं! यातल्या बऱ्याच आकारांना पुन्हा एक वाकडा भाऊ असतो, त्याला बेंट म्हणतात, म्हणजे नळी खाली झुकून मग ओठांकडे वळलेली. मला हे वाकडेच जास्त आवडले. अकरा होते. प्रत्येकासाठी मी सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहिली, लाल दोऱ्याने बांधली. माझा बेत असा, की वाणाच्या ताटावरून मी एकेकाचं नाव वाचीन, हे चकित होतील, म्हणतील "तुला हे सगळं कसं माहीत?" आणि मग जन्मभर बोलत राहतील.

रात्री जेवताना मी आडून आडून चाचपणीही करायची.

"अहो, तुमचा तो बिलिअर्ड आहे नं?"

"ह…"

"हो नं? वाटलंच मला. आणि समजा दुसरा घ्यायचा झाला तर तुम्हाला कुठला आवडेल? बुलडॉग? की…"

"ड…"

"डब्लिन! मला माहीतच होतं!"

हे पाण्याचा पेला उचलत. मला वाटे, पटलं.

वाणाच्या आदल्या दिवशी मी पोतं घेऊन माहेरी गेले. आईने तोंड उघडून आत पाहिलं आणि पदर नाकाला लावला. "अगं बाई, हे तर उष्टे आहेत!"

खरं सांगते, ही गोष्ट मला सुचलीच नव्हती. वाणात उष्टं? तेही कुणाकुणा गोऱ्या सोजिरांच्या तोंडातलं, आणि ते सोजीर आता मेलेले! आई म्हणाली, "नुसतं धुऊन भागायचं नाही. उकळून काढ." मग काय, गच्चीवर विटांची चूल मांडली, लग्नकार्यातलं मोठं पातेलं चढवलं, त्यात सोडा टाकला, मूठभर चिंच टाकली आणि आम्ही मायलेकींनी तीस पाइप बटाट्यांसारखे उकळले. पाणी आधी चहासारखं झालं, मग डांबरासारखं. वरून सडक्या अंड्यांचा वास सुटला, इतका की शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. आई म्हणाली, "बघ किती घाण होती आत!" तासाभराने झाऱ्याने एकेक काढून सुपात टाकला. निवल्यावर आईने खराट्याची हीर घेतली आणि प्रत्येकाच्या नळीतून आरपार घालून बघायला सुरुवात केली. हीर बाहेर आली की ती ओरडे, "सच्छिद्र!" आणि बाजूला ठेवी. मी चिठ्ठ्या बांधायला घेतल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं. हातातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं बेंट बुलडॉग, आणि हातातला पाइप सरळ होता. दुसरा घेतला. सरळ. अकराच्या अकरा, वर्गात मास्तर आल्यावर पोरं ताठ बसतात तसे ताठ. वाटी खाली आणि नळी आभाळाकडे, गच्चीवरच्या धुराड्यासारखी. काळ्या नळ्यांचा रंगही उडून शेवाळी झालेला. मी वाकवून पाहिलं, पण निवलेली नळी इतकी कडक की जोर लावला असता तर मोडलीच असती. आणि मोडली तर बत्तीस.

"कोणाला कळतंय?" आई म्हणाली. "बांध चिठ्ठ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पाटावर बसले, भोवती रांगोळी. सासूबाई मुद्दाम बडनगरहून आल्या होत्या. आईने औक्षण केलं, दिवा ठेवला, आणि माझ्या हातच्या क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं परातभर वाण पुढे सरकवलं. मी रुमाल उचलला. मग सासूबाई पुढे वाकल्या.

"लाटण्यांचे तुकडे आहेत का हे? आणि या चिलमी…" त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परातीकडे.

मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. हा ॲपल, हा डब्लिन, हा बेंट बुलडॉग. "बेंट म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं. "वाकडा," मी म्हटलं. "पण याची नळी तर बांबूसारखी सरळ आहे." पुढचा उचलला. बेंट बिलिअर्ड. तोही सरळ. बाबांना हसू आलं, ते खोकले. आईने तोंडाला पदर लावला. तिसऱ्या चिठ्ठीला माझा आवाज फाटला. वाटलं, संपलं. हा माणूस घरी जाईल आणि दिवसाचे दहा शब्दही बंद करील. बोलायचं तरी कशाला असल्या बाईशी, जिला वाकडं आणि सरळ कळत नाही?

ह्यांनी माझ्या हातातला पाइप घेतला. नळी नाकाजवळ नेऊन हुंगली. "उकळले?" त्यांनी विचारलं.

"स्वच्छतेसाठी हो, जावईबापू," आई म्हणाली.

"ही नळी र… रबराची असते. रबरात गंधक मिसळून क… कडक केलेलं. त्याला म्हणतात व्ह…" आणि ते थांबले. ओठ जुळलेले, मानेची शीर ताठलेली, डोळे पाइपावर. "व्ह… व्ह…"

माझं तोंड सवयीने उघडलं. आत शब्दच नव्हता! तो शब्द मी जन्मात ऐकलेला नव्हता. आईने ऐकलेला नव्हता, बाबांनी नव्हता. इतक्या बोलभांड माणसांच्या घरात त्या क्षणी कोणालाच काही भरता येईना. दिव्याची वात तडतडली. सासूबाई मान खाली घालून जमिनीकडे बघत होत्या, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून, आणि त्यांच्याकडे पाहून मला कळलं की त्यांना हे माहीत आहे. मुलगा लहान असल्यापासून त्या असंच जमिनीकडे बघत थांबत आल्या आहेत. नऊ महिने संसार करून मला पत्ता नाही, कारण नऊ महिने मी ह्यांचं एकही वाक्य अडखळण्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं.

"…व्हल्कनाइट," हे म्हणाले. आणि मग, कोणी आडवं येईना तेव्हा, पुढेही बोलले. आधी सरळ नळी बनवतात, मग गरम करून वाकवतात, तशीच थंड केली की वाकडी राहते. पुन्हा तापली की ती परत आपल्या मूळ आकाराला जाते. म… म… मूळ म्हणायला त्यांना वेळ लागला, पण म्हटलं. त्यात चूक कोणाची नाही, पदार्थाचा गुणच तसा.

"म्हणजे आमच्या बेबीसारखाच," आई म्हणाली. "कितीही वळवा."

हे हसले. मोठ्याने हसले! मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा पाहत होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आईला वाटलं, मला तिचं बोलणं लागलं.

संध्याकाळी आम्ही पुलावरून चालत घरी निघालो. पोतं ह्यांच्या खांद्यावर. मधोमध आल्यावर मी विचारलं, "सांगितलं का नाही मला?"

ते थांबले. पुलाखालून एक मालगाडी जायला लागली. मला वाटलं तिच्या आवाजासाठी थांबलेत, पण नाही, शब्दासाठी थांबले होते. "तू ब… बोलू दिलंस कधी?"

एरवी त्यावर माझ्याकडे दहा उत्तरं असती. मी कठड्याला टेकले आणि मालगाडी पुरी जाऊ दिली. मग त्यांनी सावकाश बाकीचं सांगितलं. तंबाखूने त्यांना मळमळतं. पाइपात कधी काही भरलंच नव्हतं. कॉलेजात एका जुन्या प्रोफेसरांचा पाहून घेतला होता. "पाइप ओठात असला, की लोक थ… थांबतात. त्यांना वाटतं, माणूस विचार करतोय." सगळं गाव थांबत होतं. एक बायको तेवढी थांबत नव्हती. आणि तो "ड"? तो डब्लिनचा नव्हता. डाळीत मीठ नव्हतं, एवढंच सांगायचं होतं बिचाऱ्याला. त्या रात्री त्यांनी ती डाळ पाण्यासोबत गिळली होती.

मी चिडले. हो, चिडलेच! त्यांच्यावर, की पेला आपटायचा तरी होता. माझ्यावर तर विचारूच नका. ज्या माणसाने बोलावं म्हणून मी महूपर्यंत गेले, चिलमी घेऊन गावाच्या तोंडी लागले, मेलेल्या सोजिरांच्या पाइपांचा काढा केला, त्या माणसाला ऐकायला फक्त जीभ दाताखाली धरायची होती. फुकटात होणारं काम. पण फुकटचं त्या बयेला कधी सुचायचंच नाही.

सुट्टी उरली होती. हे रोज तीन-चार पाइप प्रयोगशाळेत नेऊ लागले आणि मी डबा द्यायच्या निमित्ताने मागोमाग. गरम वाळूत नळी धरून ती मऊ करायची, चोपडीतल्या चित्राप्रमाणे वाकवायची, ओल्या फडक्यात धरून थंड करायची. मी चित्र दाखवायची, ते विचारायचे, "हा कु… कुठला?" आणि मी नाव सांगायची. नाव फक्त. त्यापुढे ते बोलत आणि मी ओठ आवळून बसे. पहिले काही दिवस माझा जबडा दुखत असे, खोटं नाही सांगत. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यावर पोरं कशी हसत, मुलगी पाहायला आले तेव्हा स्वतःचं नाव सांगता येईना म्हणून नुसतं हसले कसे, चहा देताना मी काय म्हणाले होते, सगळं त्या गरम वाळूशेजारी कळलं. अकरा नळ्या वळायला महिना पुरला नाही.

एवढ्याने गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. ह्यांना नाद लागला! ओढायचा नव्हे, जमवायचा. बदली होऊन कुठे गेलो की पहिला कबाडी शोधायचा. आणि बोलायची चटक लागली ती वेगळीच. आता ह्यांचं वय काय, पण घरात गॅसवाला आला तरी त्याला कपाटापुढे उभा करतात. एकेका आकाराची माहिती, त्यात थांबे, आवंढे, सगळं सामावून, अर्धा तास. पाहुण्यांची बस सुटते. माझे पोहे गार होतात. मी नवस केला होता की काय कोणास ठाऊक, पण फेडतेय मात्र रोज.

परवा नात आली इंदूरहून, सानू. सगळ्यांनाच घाई असलेल्या पिढीतली. तिला कपाटातल्या पाइपांचे फोटो काढायचे होते, प्रत्येकाखाली नाव टाकून. मी पलीकडे दोडक्याच्या शिरा काढत होते. तिने एक उचलला. "आजोबा, इसका नाम क्या है?"

मी मान वर केली. ॲपल. गोल गरगरीत, आंधळ्याने हात लावून ओळखावा असा.

"प…" हे म्हणाले. "प…"

पहिल्याच अक्षराला मला कळलं की गाडी चुकीच्या रुळावर निघालीय. सानूने फोनमध्ये पाइपांची नावं बघत तोंड उघडलं, "पोकर? प्रिन्स? आजोबा, प से…" मी तिच्या दंडाला चिमटा काढला. "आई गं! आजी, क्या यार!" ती गप्प झाली. हे डोळे मिटून उभे होते, पाइप हातात, मानेची शीर ताठलेली. बाहेर दहीवाला ओरडत गेला. माझा एक दोडका संपला, दुसरा घेतला. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्र्याहत्तराव्या वर्षी एवढे कष्ट, आणि ते सगळे चुकीच्या शब्दासाठी! माझ्या जिभेवर ॲपल येऊन बसला होता, दारात ताटकळलेल्या पाहुण्यासारखा.

"…पॉट," हे म्हणाले, आणि डोळे उघडून हसले. सानूने फोनवर टाकलंसुद्धा.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पॉटच नं गं?"

"हो," मी म्हटलं. "पॉटच."